शहरातली उद्योजकता: मोजायची काय, वाढवायची कशी?

गेल्या काही आठवड्यांत मध्यम आकाराच्या शहरांतल्या उद्योजकतेविषयी बरीच पत्रं आली. चार-पाच लाख वस्तीच्या शहराकडे महानगराचा पैसा नसतो आणि तज्ज्ञांचा ताफाही नसतो. त्यांच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा महानगरांसाठी लिहिलेला सल्लाच. त्यातून चुकीच्या गोष्टी मोजल्या जातात आणि चुकीच्या गोष्टींवर खर्च होतो. म्हणून आजची सगळी जागा या प्रश्नांना.

प्रश्न: मी महापालिकेच्या उद्योग विभागात आहे. वर्षभरात नव्या व्यवसायांची नोंदणी एक तृतीयांशाने वाढली. अहवालात ‘शहरात उद्योजकता वाढली’ असं लिहावं, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. लिहू का?

नोंदणी वाढली, एवढंच लिहा. नोंदणी वाढायला बरीच कारणं असतात. अर्ज सोपा झाला, एखादी सवलत नोंदणीला जोडली गेली, कंपन्यांनी पगारी माणसांना कंत्राटदार म्हणून काम करायला लावलं, किंवा मंदीत नोकऱ्या गेल्या आणि लोकांनी नाइलाजाने काहीतरी सुरू केलं. फ्रान्सने जानेवारी २००९ मध्ये एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांसाठी अगदी सोपी नोंदणी आणली. त्या वर्षी नव्या व्यवसायांचा आकडा विक्रमी झाला आणि त्यातले निम्म्याहून जास्त या नव्या प्रकारातले होते. पुढे पाहिलं तेव्हा त्यातल्या अनेकांची उलाढाल शून्य होती. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही, अनेकांना तिचा खरोखर उपयोग झाला. पण त्या उसळीला ‘उद्योजकतेची लाट’ म्हणणं चूक ठरलं असतं.

तुमच्या हातात असलेलं एक काम सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदणीची यादी काढा आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून २०० नावं निवडा. प्रत्येकाला फोन करून चारच गोष्टी विचारा. व्यवसाय चालू आहे का? गेल्या महिन्यात किमान एक बिल केलं का? तुमच्याखेरीज पगारावर किती जण आहेत? सर्वांत मोठं गिऱ्हाईक शहरातलं की बाहेरचं? ज्यांचा फोन लागत नाही त्यांना यादीतून वगळू नका, कारण बंद पडलेल्यांचेच फोन लागत नाहीत. त्यांच्या पत्त्यावर माणूस पाठवा. दोन कर्मचारी आणि तीन आठवडे एवढ्यात हे होतं, आणि वरिष्ठांपुढे ठेवायला नोंदणीच्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम माहिती हाती येते.

निकाल पाहून घाबरू नका. अमेरिकेत पगारी माणसं ठेवणाऱ्या नव्या आस्थापनांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांनी निम्म्याच्या आसपास उरतात. तेव्हा काही दुकानं बंद पडली म्हणून शहर नापास होत नाही.

प्रश्न: आमच्या व्यापारी संघटनेला दरवर्षी शहराचा उद्योजकता अहवाल काढायचा आहे. पैसा बेताचा आहे. जागतिक पातळीवर जो ‘जेम’ नावाचा पाहणी अहवाल निघतो, त्याच धर्तीवर सर्वेक्षण करावं का?

‘जेम’, म्हणजे ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर, १९९९ मध्ये बॅबसन कॉलेज आणि लंडन बिझनेस स्कूल यांनी सुरू केला. त्यात १८ ते ६४ वयाच्या लोकांना थेट विचारलं जातं. व्यवसाय सुरू करण्याच्या खटपटीत असलेले आणि व्यवसायाला साडेतीन वर्षांपेक्षा कमी काळ झालेले, अशा दोघांची मिळून टक्केवारी काढतात. नोंदणी नसलेलेही त्यात येतात, हा मोठा गुण. पण त्यासाठी प्रत्येक देशात किमान २,००० लोकांना विचारावं लागतं. तुम्हाला फार तर ४०० जण परवडतील. समजा, त्यातले १० टक्के उद्योजक निघाले. ४०० च्या नमुन्यात हा आकडा दोन्ही बाजूंना सुमारे तीन टक्क्यांनी हलू शकतो, म्हणजे खरा आकडा ७ ही असेल आणि १३ ही. पुढच्या वर्षी १२ टक्के आले, तर वाढ झाली की नुसता योगायोग, हे कोणीच सांगू शकणार नाही. वर्तमानपत्रात मात्र ‘दोन टक्क्यांची झेप’ छापून येईल.

त्यापेक्षा सरकारी नोंदी, कराचे विवरण आणि कर्मचारी विम्याच्या याद्या यांतून निघणारे मोजके आकडे धरा आणि दहा वर्षं तेच धरून बसा. मी पहिला धरेन तो म्हणजे काम करण्याच्या वयातल्या दर हजार लोकांमागे, किमान एक पगारी माणूस असलेले नवे व्यवसाय किती. भागायला लोकसंख्या घ्यायलाच हवी, नाहीतर शहराची हद्द वाढली तरी उद्योजकता वाढल्यासारखी दिसते. त्यानंतर तीन वर्षांनी त्यातले किती उरले ते पाहा. शहरातल्या एकूण नोकऱ्यांपैकी पाच वर्षांहून कमी वयाच्या व्यवसायांत किती आहेत, तेही पाहा.

आणि वेगाने वाढणाऱ्यांची यादी ठेवा, कारण मध्यम शहरात खरं सोनं तिथे असतं. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या व्याख्येनुसार सुरुवातीला किमान १० कर्मचारी असलेला आणि सलग तीन वर्षं सरासरी २० टक्क्यांहून जास्त दराने वाढलेला व्यवसाय वेगाने वाढणारा मानतात. म्हणजे तीन वर्षांत १० चे १७-१८ व्हायला हवेत. महानगरात अशांची नुसती संख्या कळते. तुमच्या शहरात ते इतके थोडे असतील की प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि अडचण तुम्हाला ठाऊक असू शकते. हा तुमचा फायदा आहे, तो घ्या.

प्रश्न: मी अर्थशास्त्र शिकवतो. ‘बहुतेक नोकऱ्या लघुउद्योग निर्माण करतात’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. ते खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर धोरणं अडखळतात. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड बर्च यांनी मांडलं की अमेरिकेतल्या नव्या नोकऱ्यांचा दोन तृतीयांश वाटा वीस किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपन्यांतून येतो. जगभरच्या लघुउद्योग धोरणांना या मांडणीने बळ दिलं. २०१३ मध्ये हॉल्टिवॉन्गर, जार्मिन आणि मिरांडा या तिघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी जनगणना विभागाच्या तीस वर्षांच्या नोंदींवर हाच प्रश्न पुन्हा तपासला, पण कंपनीच्या आकाराबरोबर तिचं वयही हिशेबात घेतलं. वय धरल्यावर आकार आणि वाढ यांचा ठोस संबंध उरलाच नाही. नोकऱ्या येतात त्या नव्या कंपन्यांतून, आणि नव्या कंपन्या सुरुवातीला बहुधा लहान असतात, म्हणून श्रेय लहानपणाला गेलं होतं. त्यांनी हेही दाखवलं की नव्या कंपन्या एकतर भराभर वाढतात, नाहीतर बंद पडतात.

धोरणात याचा अर्थ काय, तो विद्यार्थ्यांना जरूर सांगा. वीस वर्षं पाच माणसांवर चालणारा व्यवसाय आदरास पात्र आहे, तो कुटुंबं चालवतो आणि परिसर जिवंत ठेवतो. पण ‘पाचापर्यंत माणसं असतील तर सवलत’ असा नियम केला की पाचाचे सहा करायला मालक कचरतो. सवलत द्यायचीच असेल तर ती व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांना द्या.

प्रश्न: माझं वय ४१. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करावंसं वाटतं, पण शहरातल्या सगळ्या योजना ‘युवा उद्योजकां’साठी. उशीर झाला का?

अजिबात नाही. अझूले, जोन्स, किम आणि मिरांडा या संशोधकांनी अमेरिकेतल्या लाखो संस्थापकांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. त्याच क्षेत्रात आधी नोकरी केलेल्यांना यश मिळण्याची शक्यताही जास्त दिसली. तुमच्या क्षेत्रातलं गिऱ्हाईक, पुरवठादार आणि खाचाखोचा तुम्हाला माहीत असतील, तर पंचविशीतल्या कोणाहीपेक्षा तुमची तयारी चांगली आहे. योजनांना वयाची अट घालणाऱ्यांनीही हे वाचावं.

प्रश्न: मी नगरसेविका आहे. आमच्याकडे एका मोठ्या कारखान्यावर निम्मं शहर जगतं आणि आता तो माणसं कमी करतोय. सभागृहात दोन प्रस्ताव आहेत: बाहेरून दुसरी मोठी कंपनी आणण्यासाठी करमाफी, किंवा स्टार्टअपसाठी मोठी इमारत. कोणाला मत देऊ?

दोन्ही प्रस्तावांआधी एक तिसरं काम आहे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही.

आधी तुमच्या शहराची अडचण नीट समजून घेऊ. अर्थतज्ज्ञ एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली शहरं तपासली. जी शहरं जुन्या काळी खाणींच्या जवळ होती, तिथे मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि कित्येक दशकांनंतरही तिथे नवे व्यवसाय कमी सुरू होतात असं दिसलं. खाणींशी काहीही संबंध नसलेल्या क्षेत्रांतही तसंच. एका मोठ्या मालकाच्या सावलीत पगाराची सवय पिढ्यानपिढ्या टिकते आणि स्वतंत्र पुरवठादार कमी तयार होतात. करमाफी देऊन दुसरा मोठा मालक आणला, तर हीच रचना पुन्हा उभी राहील.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं लिटलटन हे छोटं शहर याच वळणावर उभं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मोठ्या संरक्षण कंपनीने हजारो माणसं कमी केली. शहराने बाहेरच्या कंपन्यांच्या मागे धावणं सोडलं आणि शहरात असलेल्या, वाढू पाहणाऱ्या व्यवसायांना बाजारपेठेची माहिती पुरवायला सुरुवात केली: ग्राहक कुठे आहेत, स्पर्धक काय करतात, त्या क्षेत्रात पुढे काय येतंय. मोठ्या कंपन्या पैसे मोजून जी माहिती मिळवतात, ती महापालिकेचे माहितीतज्ज्ञ लहानांना काढून देत. १९९० ते २००५ या काळात तिथल्या नोकऱ्या जवळपास दुप्पट झाल्या. शेजारचं डेन्व्हर त्याच काळात भरभराटीला आलं होतं, म्हणून सगळं श्रेय या उपक्रमाला देता येणार नाही. तरीही तुमच्या जागी मी असतो तर आधी हाच मार्ग धरला असता, कारण तो फसला तरी रिकामी इमारत आणि बुडालेला कर मागे राहत नाही.

तिसरं काम असं. महापालिकेने गेल्या वर्षी काढलेल्या निविदांपैकी दहा मागवा आणि पात्रतेच्या अटींचं पान उघडा. बहुधा असं दिसेल: मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, अशाच कामाचा पाच वर्षांचा अनुभव, कामाच्या रकमेच्या काही पट वार्षिक उलाढाल आणि भली मोठी अनामत. दोन वर्षांचा व्यवसाय यातल्या पहिल्याच अटीवर बाद होतो. काम लहान आणि कमी जोखमीचं असेल तर या अटींची गरज काय, हे विचारा. मोठं काम तुकड्यांत काढता येईल का, तेही विचारा. मग लेखा विभागाकडून बिल सादर झाल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे दिवस मागवा आणि लहान पुरवठादारांचे वेगळे काढा. नव्या व्यवसायाला अनुदानापेक्षा पहिली मोठी ऑर्डर आणि तिचे वेळेवर पैसे जास्त उपयोगी पडतात. त्या बिलाच्या जोरावर तो बँकेपुढे उभा राहतो आणि पुढचं गिऱ्हाईक मिळवतो. ज्या महापालिकेकडे नव्या पुरवठादाराचे सहा महिने पैसे अडकतात, तिने स्टार्टअप महोत्सव भरवणं मला अन्यायाचं वाटतं.

इमारतीच्या प्रस्तावाला आज मत देऊ नका. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कुशल माणसांसाठी मात्र काही करा. यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा, गुणवत्ता तपासणारा माणूस स्वतःचं काम सुरू करू शकतो. त्याला हिशेब, कोटेशन आणि पहिली ऑर्डर यांत हात द्यायला हवा.

प्रश्न: एका क्रमवारीत आमचं शहर खाली घसरलं. बातमी कशी करावी?

क्रमांकाखालची मोजमापं आणि त्यांचे भारांक, म्हणजे कोणत्या मोजमापाला किती वजन दिलं ते, मागवा. बदल शहरात झाला की मोजण्याच्या पद्धतीत, हे त्याशिवाय कळत नाही. जागतिक बँकेने आपला ‘डूइंग बिझनेस’ हा जगप्रसिद्ध क्रमवारी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये कायमचा बंद केला, कारण २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या आकडेवारीत अनियमितता सापडल्या होत्या. तिथे असं होऊ शकतं, तर खासगी क्रमवाऱ्यांना अधिक प्रश्न विचारायला हवेत.

प्रश्न: घरून काम करणाऱ्या बायका, हातगाडीवाले, नोंदणी नसलेले कारागीर... हे तुमच्या आकड्यांत कुठे आहेत?

नाहीत, आणि ही त्या आकड्यांची खरी उणीव आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगात रोजगार असलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक, म्हणजे सुमारे २०० कोटी, अनौपचारिक कामात आहेत. त्यांच्यासाठी दर दोन-तीन वर्षांनी काही वस्त्या निवडून घरोघर पाहणी करा. विचारताना ‘तुमचा व्यवसाय आहे का’ असं विचारू नका, अनेकजणी ‘नाही’ म्हणतील. ‘गेल्या आठवड्यात विकण्यासाठी काही बनवलं का, कोणाचं काम पैसे घेऊन केलं का’ असं विचारा. हे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा. दुसरी वाट नाही म्हणून काम करणारी आणि संधी दिसली म्हणून पुढे आलेली, अशा दोघींना एकच मदत पुरत नाही. पहिलीला आधी स्थिर उत्पन्न आणि सुरक्षित जागा हवी असते.

प्रश्न: आम्ही ६० नवउद्योजकांना अनुदान दिलं. दोन वर्षांनी त्यातले ५० टिकून आहेत. योजना यशस्वी म्हणायची ना?

अजून सांगता येत नाही. तुम्ही निवडलेलेच चांगले होते, ते अनुदानाशिवायही टिकले असते का? चिलीतल्या ‘स्टार्टअप चिले’ या नवउद्योजकांसाठीच्या २०१० पासूनच्या सरकारी कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तेव्हा निवडीच्या रेषेच्या अगदी वर आणि अगदी खाली असलेल्या अर्जदारांची तुलना केली गेली. नुसता पैसा आणि बसायला जागा मिळालेल्यांत फारसा फरक आढळला नाही. त्याबरोबर नियमित मार्गदर्शन आणि कामाचा जाब विचारणारी रचना मिळाली, तेव्हा फरक दिसला. उलट नायजेरियात नवउद्योजकांसाठीच्या २०११ पासूनच्या सरकारी स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्यांपैकी अनेकांची निवड सोडतीने झाली. तिथे मोठी रोख अनुदानं मिळालेल्यांचे व्यवसाय तीन वर्षांनी दहा किंवा त्याहून जास्त माणसांपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त होतं. दोन ठिकाणी दोन उत्तरं आली, म्हणून तुमच्या शहराचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागेल.

त्याला लागणारी कागदपत्रं तुमच्याच कपाटात आहेत. नाकारलेले अर्ज गुणांसह जपून ठेवा. ज्यांची निवड दोन-चार गुणांनी हुकली, त्या चाळीसेक जणांना याच महिन्यात फोन करा आणि निवडलेल्यांना विचाराल तेच प्रश्न विचारा. पुढच्या फेरीच्या अर्जावर ‘निवड झाली नाही तरी दोन वर्षांनी संपर्क साधू’ अशी एक ओळ आणि सहीची जागा छापून घ्या.