गव्हाण की गोठा? लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शब्द

एका वाचकाने विचारलं आहे: नाताळच्या देखाव्याला सगळे ‘गोठा’ म्हणतात, पण मराठी बायबलमध्ये येशूच्या जन्माच्या वर्णनात ‘गव्हाणी’ आहे. दोन्ही एकच का? आणि गव्हाणीचा गव्हाशी काही संबंध आहे का?

गव्हाशी संबंध नाही. संस्कृतात ‘गवादनी’ असा शब्द आहे: गो म्हणजे गाय आणि अदन म्हणजे खाणं. जिच्यात गुरांना वैरण घालतात ती गवादनी. आपली गव्हाण याच कुळातली. शब्द स्त्रीलिंगी, ती गव्हाण. त्यामुळे ‘भिंत’चं ‘भिंतीत’ तसं ‘गव्हाण’चं ‘गव्हाणीत’ होतं. काही भागांत मूळ शब्दच ‘गव्हाणी’ असा बोलतात, तेही चूक नाही. शहरात हा शब्द आता मुख्यतः साखर कारखान्याच्या बातमीत भेटतो. ‘गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ’ हे वाक्य दर वर्षी छापून येतं. तिथे बैलाऐवजी यंत्राच्या तोंडी ऊस जातो, एवढाच फरक.

म्हणजे गोठा ही गुरांची जागा आणि गव्हाण ही त्या जागेतली वैरणीची वस्तू. बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक असलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाण तीनदा येते, ओव्या 7, 12 आणि 16. सातव्या ओवीत मरिया बाळाला ‘बाळंत्याने’ गुंडाळून गव्हाणीत ठेवते. (बाळंतं म्हणजे तान्ह्या बाळाला गुंडाळायचं कापड. हल्ली काही वाचक ‘बाळंत्याने’ वाचून अडखळतात, पण याहून नेमका शब्द मराठीत नाही.) बाराव्या ओवीत देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती हीच, आणि सोळाव्या ओवीत त्यांना ती खूण पटते. गोष्ट त्या वस्तूवर उभी आहे. बेथलेहेमात तान्ही बाळं इतरही असतील. वैरणीच्या जागी निजवलेलं एकच.

लूकचं मूळ लेखन ग्रीकमध्ये आहे, आणि तिथला शब्द आहे ‘फात्ने’. त्याचा अर्थ गव्हाण. कधी कधी जनावर बांधायची जागा, ठाण, असाही होतो. लूकच्याच तेराव्या अध्यायात शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या वारी, बैल किंवा गाढव ‘फात्ने’पासून सोडून पाण्याला नेण्याचा उल्लेख आहे, तिथे ठाणही चालेल. पण ज्यात बाळाला निजवलं ती गव्हाणच. मराठी भाषांतरकारांची निवड मला अगदी अचूक वाटते.

मग गोठा आला कुठून? लूकमध्ये गोठा नाही, आणि बैल, गाढवही नाहीत. ती जोडी बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, त्याच्या पहिल्या अध्यायातून आली. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, असं तिथे देव म्हणतो. यशयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात इथेही ‘फात्ने’च आहे, त्यामुळे ख्रिस्ती वाचकांनी दोन्ही ओव्या एकत्र वाचल्या. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन तर जन्म गुहेत झाल्याचं सांगतो, आणि बेथलेहेमचं जन्ममंदिर चौथ्या शतकात एका गुहेवरच बांधलं गेलं. पुढे 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळला खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून हा प्रसंग मांडला आणि देखाव्याची प्रथा फोफावली. इटालियन ‘प्रेसेपे’ आणि पोर्तुगीज ‘प्रेझेपिओ’ या देखाव्याच्या नावांचा मूळ अर्थ गव्हाणच. त्या भाषांनी वस्तूवरून अख्ख्या देखाव्याला नाव दिलं. गोव्यातल्या कोकणीने ‘गोठो’ आणि मराठीने ‘गोठा’ म्हणताना जागेवरून दिलं. वसईत आणि गोव्यात गोठे उभारणाऱ्यांचा हा शब्द पूर्ण योग्य आहे. तो देखाव्याचा शब्द आहे, शास्त्रवचनाचा नाही, इतकंच.

माझी खरी तक्रार सातव्या ओवीतल्या पुढच्या शब्दाबद्दल आहे, ‘उतारशाळेत जागा नव्हती’. मूळ शब्द ‘कातालुमा’. तो ज्या क्रियापदापासून बनला त्याचा अर्थ सोडणं, मोकळं करणं. प्रवाशाने जनावरावरचं ओझं सोडलं की मुक्काम. आपण ‘पाहुणे कुणाकडे उतरलेत?’ असं विचारतो, त्यातलं ‘उतरणं’ याच्या फार जवळ आहे. ‘उतार’ म्हणूनच सुरेख बसतो. पण ‘शाळा’ जोडली की धर्मशाळा डोळ्यांपुढे येते आणि दार लावून घेणारा कुणी मालकही. लूकला पैसे देऊन राहायची जागा सांगायची असते तेव्हा तो वेगळा शब्द वापरतो: चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या गोष्टीत, ‘पान्दोखेइओन’. उलट ‘कातालुमा’ तो बाविसाव्या अध्यायात पुन्हा वापरतो, शेवटच्या भोजनासाठी मागितलेल्या घरातल्या खोलीसाठी.

म्हणून ही जागा कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. त्या मुलखातल्या साध्या घरात दाराजवळ सखल भागात जनावरं बांधत, वरच्या भागात माणसं राहत, आणि दोहोंच्या मध्ये गव्हाण असे. सह्याद्रीतली जुनी घरं पाहिलेल्यांना एका छपराखालची माणसं-गुरं नवी नाहीत. असं वाचलं तर कुणी त्यांना हाकललं नाही: पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून घरच्यांच्याच जागेत, गुरांच्या शेजारी, बाळाची सोय झाली. मत्तयकृत शुभवर्तमानातही पूर्वेकडचे ज्ञानी लोक ‘घरात’ जातात, ते मात्र नंतरच्या भेटीचं वर्णन आहे.

तेव्हा देखाव्याबद्दल लिहिताना गोठा खुशाल लिहा, ओवी सांगताना गव्हाण. ‘उतारशाळा’ वाचताना मात्र ‘उतरायची जागा’ असा अर्थ मनात धरावा.