भेगांवर मलम नंतर, आधी बाळाची पकड

प्रश्न : ताई, माझं बाळ नऊ दिवसांचं आहे. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही निपलना भेगा पडल्यात, उजवीकडे जास्त. पाजायला घेतलं की डोळ्यांतून पाणी येतं आणि पूर्ण वेळ दुखतच राहतं. बाळ सुटतं तेव्हा निपल नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं असतं. मी दर वेळी साबणाने धुते, मलम लावते, पाजायच्या आधी ते पुसून पुन्हा धुते. सगळे म्हणतात, सुरुवातीला दुखतंच, सहन कर. आता बाळ रडायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. वरचं दूध सुरू करू का?

उत्तर : तू निपलचा आकार लिहिलास ते फार बरं केलंस. बहुतेक जणी मलमाचं नाव विचारतात आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. बाळ सुटल्यावर निपल गोल, लांबट दिसायला हवं. ते तिरकं चेपलेलं दिसतंय याचा अर्थ बाळ फक्त टोक धरून चोखतंय. स्तनाचा पुरेसा भाग तोंडात गेला की निपल मागे, टाळूच्या मऊ भागाजवळ पोचतं आणि तिथे त्याला काही इजा होत नाही. वरवर धरलं की तेच निपल जीभ आणि पुढची कडक टाळू यांच्यात घासलं जातं. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं. एवढ्या वेळा तीच जागा घासली गेल्यावर कुठलं मलम पुरं पडणार? म्हणून आधी पकड सुधारायची, मलमाचं नंतर बघू.

‘सहन कर’ या सल्ल्याचा मला खरंच राग येतो. इतकी वर्षं प्रसूती वॉर्डात काम करताना मी पाहिलंय, हे ऐकून बायका दात-ओठ आवळून पाजत राहतात आणि दाखवायला येतात तेव्हा जखम खोल गेलेली असते. पहिल्या आठवड्यात बाळ लागताना अर्धा मिनिट ओढल्यासारखं दुखून मग थांबत असेल, तर ते चालतं. पूर्ण वेळ दुखत असेल, कातडी फाटत असेल, तर काहीतरी चुकतंय आणि ते दुरुस्त होऊ शकतं.

आता पुढच्या वेळी असं कर. पाठीला भरपूर आधार घेऊन थोडी मागे रेलून बस, बाळावर वाकू नकोस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, म्हणजे त्याला मान वळवून प्यावं लागणार नाही. तुझा हात त्याच्या खांद्यांमागे ठेव. डोकं मागून दाबू नकोस, दाबलं की बाळ उलट मागे रेटतं. निपलसमोर बाळाचं तोंड नाही, नाक आलं पाहिजे. निपल त्याच्या वरच्या ओठावर हलकेच फिरव आणि थांब. घाई होते ती इथेच. ओठ जरा विलगले की आपण निपल आत सरकवतो. जबडा पूर्ण खाली जाऊन तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला जवळ ओढायचं, आधी हनुवटी टेकेल अशा बेताने. स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळ स्तनाकडे आणायचं.

नीट लागलं की वरच्या ओठाच्या वर स्तनाचा काळसर भाग थोडा दिसतो, खालच्या बाजूला जवळपास दिसत नाही. गाल भरलेले राहतात, त्यांना खळ्या पडत नाहीत. सुरुवातीचं भराभर चोखणं झालं की जबडा सावकाश हलायला लागतो आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. चटक-चटक आवाज येत असेल किंवा दुखणं थांबत नसेल, तर तसंच पाजत राहू नकोस. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घाल, पकड सुटली की पुन्हा लाव. तसंच ओढून काढलंस तर भेग वाढते. तीन-चार वेळा काढून लावावं लागलं तरी हरकत नाही, बाळही शिकतंय.

साबण आजपासून बंद. निपलभोवती बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात ना, त्या ग्रंथी आहेत. त्यांतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावाने तिथली कातडी मऊ राहते. दर वेळी साबण लावून तू तोच धुऊन टाकतेस. अंघोळीच्या वेळी साधं पाणी पुरतं. फक्त भेग उघडी असेपर्यंत दिवसातून एकदा साबणाच्या सौम्य फेसाने जखम धुऊन भरपूर पाण्याने स्वच्छ केलीस तर चालेल. घासू नकोस, मऊ कापडाने टिपून घे.

मलमाचं म्हणशील तर पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू दे. 2014 साली कॉक्रेन या संस्थेने यावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नुसतं दूध लावणं किंवा काहीच न लावणं हे लॅनोलिनपेक्षा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या मेणासारख्या मलमापेक्षा, मागे पडलेलं दिसलं नाही. काहीही लावलं तरी बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर 7 ते 10 दिवसांत सौम्य होतं, असंही त्यात आढळलं. लॅनोलिन वाईट नाही. कपडा भेगेला चिकटत असेल तर शुद्ध केलेल्या लॅनोलिनचा पातळ थर जरूर लाव, तो पाजण्याआधी पुसावा लागत नाही. पुसण्याची गरज पडेल असं काहीही तिथे नकोच, कारण त्या पुसण्यानेच जखम पुन्हा उघडते. जागा बधिर करणारी मलमं आणि बोरिक ॲसिड असलेली क्रीमं मात्र बाजूला ठेव. ती बाळाच्या पोटात गेली तर घातक ठरू शकतात. हेअर ड्रायरने भेगा वाळवण्याचा जुना सल्लाही ऐकू नकोस. जखम कोरडी ठणठणीत केली की खपली धरते आणि पुढच्या वेळी बाळ लागलं की फाटते.

पाजताना कमी दुखणारी बाजू आधी दे. पहिली भूक भागली की बाळाची ओढ जरा सौम्य होते. डॉक्टरांनी दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मनाई केली नसेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन नेहमीच्या मात्रेत घेता येतं, त्यासाठी पाजणं थांबवावं लागत नाही. उजवी बाजू एखाद्या वेळी लावूच शकत नसशील तर ती वेळ चुकवू नकोस. हाताने दूध काढ आणि वाटी-चमच्याने पाज. छाती दाटून घट्ट झाली की निपल सपाट होतं आणि बाळाला धरणं आणखी अवघड जातं. पंप वापरणार असशील तर ओढ कमीत कमी ठेव आणि निपल नळीच्या कडांना घासत नाही ना, ते बघ.

वरच्या दुधाचा निर्णय बाळाचं वजन आणि लघवी पाहून होतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली लघवी होत असेल आणि सुरुवातीला घटलेलं वजन आता वाढायला लागलं असेल, तर वरच्या दुधाची गरज नाही. तसं नसेल तर आजच बालरोगतज्ज्ञांना दाखव. त्यांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर अपराधी वाटून घेऊ नकोस. पकड सुधारल्यावर ते कमी करता येतं.

हे सगळं करूनही दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर स्तनपान सल्लागाराला प्रत्यक्ष पाजताना दाखव. बाळाच्या जिभेखालची पट्टी आखूड आहे का, हेही त्यात पाहिलं जातं. भेगेत पू किंवा पिवळी खपली दिसली तर तेवढीही वाट पाहू नकोस.

प्रश्न : माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. पाजताना आता अजिबात दुखत नाही, पण गेले काही दिवस दोन्हीकडे निपलभोवती लाल होऊन प्रचंड खाज सुटते, कातडी सोलवटते. औषधाच्या दुकानात ‘बुरशी असेल’ म्हणून एक मलम दिलं. आधीची दोनही सुरूच आहेत. शाळेत असताना मला कोपराच्या आत इसब होतं. बाळाचं तोंड स्वच्छ आहे. बाळाला लागेल का हे?

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिली शंका इसबाची किंवा ॲलर्जीची येते. तीन मलमं एकाच वेळी चालू असताना नेमकं काय झोंबतंय हे कुणालाच सांगता येणार नाही. तिन्ही थांबवा. सुगंधी साबण, कपड्यांचा सॉफ्टनर, प्लॅस्टिकचा थर असलेले ब्रेस्ट पॅड हेही थांबवा. पॅड ओला झाला की लगेच बदला. लॅनोलिनचीसुद्धा काहींना ॲलर्जी असते, म्हणून ‘हे तर नैसर्गिक आहे’ असं म्हणून ते चालू ठेवू नका.

बुरशीचा शिक्का हल्ली फार पटकन मारला जातो, असं माझं मत आहे. बुरशी असते तेव्हा निपल गुलाबी, चकचकीत दिसतं आणि पाजून झाल्यावरही आग होत राहते. अनेकदा बाळाच्या गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरे चट्टे असतात. दुधाची साय बोटाने पुसली जाते, हे चट्टे जात नाहीत. तसं असेल तर आई आणि बाळ दोघांनाही एकाच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर ते एकमेकांकडे फिरत राहतं.

इसब बाळाला लागत नाही, पाजणं चालू ठेवा. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा सौम्य स्टिरॉइड मलम थोडे दिवस देतील. ते पाजून झाल्यावर लगेच, अगदी पातळ लावायचं, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत मुरतं. काही उरलंच तर ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यायचं. स्टिरॉइड हा शब्द ऐकून घाबरून अर्धवट सोडू नका आणि दुकानातून स्वतःच्या मनाने आणूही नका.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. एकाच बाजूला, थेट निपलवरच खपली किंवा ओलसर चट्टा असेल आणि दोन-तीन आठवडे उपचार करूनही बरा होत नसेल, तर पॅजेट नावाचा आजार नाही ना, याची तपासणी करून घ्यावी लागते. तो क्वचित होतो, पण तो स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार आहे. आणि पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका दिसला, तर ते नागीण किंवा हर्पीस असू शकतं. लहान बाळाला हर्पीस जिवावर बेतू शकतो. त्या बाजूने पाजणं लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : मी वडील म्हणून लिहितोय. बाळाने दूध उलटून टाकलं त्यात रक्ताचे धागे होते. पत्नीच्या निपलना भेगा आहेत. आज तिच्या डाव्या स्तनावर गरम लाल पट्टा आलाय आणि हुडहुडी भरलीय. पाजणं बंद करायचं का?

उत्तर : बंद करू नका. भेगेतून बाळाच्या पोटात गेलेल्या रक्ताने त्याला अपाय होत नाही. बाळ सुस्त पडलं असेल, हिरवी उलटी झाली असेल, किंवा भेगा नसताना रक्त दिसलं असतं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

मला काळजी पत्नीची वाटते. लाल पट्टा आणि हुडहुडी ही स्तनदाहाची लक्षणं आहेत. ताप मोजा. बाळाला नेहमीसारखं दोन्ही बाजूंनी पाजू द्या, पण ती बाजू ‘रिकामी करायची’ म्हणून पंपाने जास्त दूध काढू नका आणि गाठ जोराने चोळू नका. पूर्वी आम्हीच तसं सांगायचो. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने 2022 मध्ये हा सल्ला बदलला, कारण चोळण्याने आणि जास्त उपसण्याने सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवा. आयबुप्रोफेन तिला चालत असेल तर त्याने सूज आणि दुखणं दोन्ही उतरतं.

तुम्ही एक करू शकता. पाजताना आईला बाळाचा खालचा ओठ दिसत नाही, समोर खाली बसलेल्या माणसाला दिसतो. तो आत मुडपलेला असेल तर बाळाची हनुवटी हलकेच खाली ओढून तो बाहेर काढा. हनुवटी स्तनाला टेकली आहे का, ते तिला सांगा. पण हे पुढच्या वेळी पाजताना. आत्ता आधी डॉक्टरांना फोन लावा. हुडहुडी भरलेली असताना उद्यापर्यंत थांबायचं नाही. स्तनपानात चालणारी प्रतिजैविकं असतात, त्यामुळे ‘ती बाळाला पाजते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.