मोठ्या रणगाड्याच्या सपाट पत्र्यांचं काय करायचं?

टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी तुमची छोट्या प्लास्टिक शिपायांची पायदळाची पलटण व्यवस्थित रंगवून झाली. मग पहिला मोठा रणगाडा त्याच रीतीने घेतला: बेस रंग, वरून तपकिरी वॉश (खूप पातळ रंग), शेवटी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच कडांवर रंग). तर बाजूच्या पत्र्यांवर ब्रशच्या रेघा आणि वॉशचे डाग उठले. आता एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. एअरब्रशने रेघा जातील, डाग जाणार नाहीत. डागांचं कारण वेगळं आहे.

वॉश खाचेत उतरण्यासाठी असतो. शिपायाच्या अंगावर जिकडेतिकडे चुण्या, पट्टे, खिसे असल्यामुळे त्याला जायला जागा मिळते. सपाट पत्र्यावर तो नुसताच साचतो, वाळताना रंगकण कडेला ढकलले जातात आणि कड उमटते. त्यामुळे मोठ्या गाडीवर सरसकट वॉश करायचाच नाही. बारीक टोकदार ब्रशने फक्त रिव्हेटच्या बुडाशी, पत्र्यांच्या सांध्यात आणि झाकणांच्या कडेला टेकवायचा. खाली ग्लॉस वार्निशचा हात असेल तर वॉश सांध्यातून आपोआप पुढे पळतो, फारसं काही करावं लागत नाही.

तुमची गाडी वाया गेलेली नाही, रंग काढायच्या भानगडीत पडू नका. सांध्यांत गेलेला वॉश तसाच ठेवा आणि फक्त पत्र्यांचा मधला भाग बेस रंगाच्या पातळ थरांनी परत झाका. त्यासाठी सेंटीमीटरभर रुंदीचा मऊ चपटा ब्रश हवा. रंगात पाण्याबरोबर थोडं ग्लेझ मीडियम किंवा रिटार्डर घाला, म्हणजे तो लवकर सुकत नाही. एक पत्रा सांध्यापासून सांध्यापर्यंत एका दमात संपवा आणि अर्धवट सुकलेल्या जागेवर ब्रश परत फिरवू नका. बहुतेक रेघा तिथेच पडतात. हात नेहमी वरून खाली. चुकून रेघ राहिलीच तर ती पावसाच्या ओघळासारखी दिसते आणि खपून जाते.

रंग सारखा बसला की नवी अडचण येते: गाडी खेळण्यासारखी दिसायला लागते. माझ्या मते मोठ्या वाहनाचं खरं काम इथे सुरू होतं. एवढा मोठा एकरंगी पृष्ठभाग नजरेला कंटाळवाणा वाटतो, तो फोडायला हवा. प्रत्येक पत्रा वरच्या बाजूला किंचित उजळ आणि खाली किंचित गडद करा, आणि शेजारी लागलेल्या दोन पत्र्यांच्या छटा सांध्यापाशी सारख्या होऊ देऊ नका. एअरब्रश असेल तर हे भराभर होतं. नसेल तर फाटक्या स्पंजने थोपटूनही होतं, आणि तो खडबडीतपणा चिलखतावर शोभतोही.

याहून सोपा आणि मला जास्त आवडणारा मार्ग म्हणजे ऑइल रंग. गाडी हिरवी असेल तर पत्र्यावर पिवळी माती, फिकट बदामी, थोडा निळा आणि गडद तपकिरी असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या. मग व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल रंग पातळ करायच्या द्रावकात) बुडवून फडक्यावर टिपलेला चपटा ब्रश वरून खाली ओढत राहा. ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात, पण पत्रा जिवंत होतो. ऑइल तासन्‌तास ओलं राहतं, म्हणून नको ते पुसून टाकता येतं. मात्र खाली ॲक्रिलिक वार्निश असू द्या आणि ते पूर्ण एक दिवस वाळू द्या. स्पिरिट सांध्यांत साचू देऊ नका. ताणाखाली असलेलं उघडं प्लास्टिक त्याने तडकू शकतं. खिडक्या उघड्या ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

खरचटलेला रंग दाखवताना बहुतेकांचा हात सुटतो. स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, बराचसा रंग कागदावर झटका आणि मगच थोपटा. तेही जिथे माणसाचे बूट लागतात किंवा गाडी झाडाझुडपांना घासते तिथेच: झाकणांच्या कडा, मडगार्ड, पुढचे कोपरे. पत्र्याच्या मधोमध नाही. चंदेरी रंग जवळपास टाळाच. चिलखती पोलाद उघडं पडलं की लवकरच काळवंडतं, गंजतं. ते फार वेळ चकाकत राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन गाडी असेल तर एक सोय आहे. फेब्रुवारी 1943 पासून या गाड्या कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात येत. हिरवा आणि लालसर तपकिरी रंग लगद्याच्या रूपात सैन्याच्या तुकड्यांकडे जाई आणि तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून मारला जाई. त्यामुळे दोन गाड्यांचे रंगाचे पट्टे जुळले नाहीत म्हणून कुणी तुम्हाला नावं ठेवली तर दुर्लक्ष करा.

पुढच्या गाडीसाठी एक सूचना: सगळं चिकटवून मग रंगवायला बसू नका. ट्रॅक (चाकांवरचे पट्टे), टरेट (वरचा फिरता बुरूज), बाजूच्या तोफा सुट्या ठेवा. इम्पीरियल नाइटसारख्या (वॉरहॅमर 40,000 या खेळातल्या चालत्या महाकाय युद्धयंत्रासारख्या) यंत्राचा धातूचा सांगाडा आणि वरचं चिलखत तर वेगवेगळंच रंगवा, नाहीतर आत ब्रश शिरतच नाही. जोडाच्या जागा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधी मास्किंग टेपने झाका, कारण प्लास्टिक सिमेंट रंगावर धरत नाही. टरेटमध्ये चुंबक बसवलं तर पेटीत ठेवायलाही सोपं जातं. फक्त चिकटवण्याआधी टरेटमधलं आणि गाडीतलं अशा दोन्ही चुंबकांची दिशा तपासा.

आता एअरब्रश. एवढ्या एका गाडीसाठी नको. काळ्या प्रायमरवर फिकट रंगाचा स्प्रे कॅन फक्त वरून तिरका मारला, की उजेड-सावलीचा निम्मा परिणाम तसाच मिळतो. अंतर वीस-पंचवीस सेंटीमीटर ठेवा. फार लांबून मारलं तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग कणीदार होतो. अशा पाच-सहा गाड्या रंगवायच्या असतील तर मात्र जरूर घ्या. 0.4 मिलिमीटरच्या आसपासचं नोझल, टाकी असलेला कॉम्प्रेसर, 15 ते 20 पीएसआय दाब आणि मास्क. मास्कवर काटकसर करू नका.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) ग्लॉस वार्निशवरच लावा, नाहीतर खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. ट्रॅकवर पिगमेंटची (कोरड्या रंगाच्या पुडीची) धूळ बेतानेच ठेवा. खेळताना गाडी शंभरदा हातात धरली जाते आणि ती धूळ आधी बोटांना लागते. त्याच कारणाने शेवटी आधी ग्लॉस आणि त्यावर मॅट वार्निश द्या. दमट हवेत मॅट स्प्रेने पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघा आणि आधी उरलेल्या स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) तुकड्यावर मारून पाहा.