अ‍ॅक्शन चित्रपटांचे अलीकडचे सिक्वेल आणि रीमेक खरोखर पाहण्यासारखे आहेत का?

आपण विचारले आहे की, गेल्या काही वर्षांत आलेले अ‍ॅक्शन चित्रपटांचे पुढचे भाग आणि रीमेक तिकिटाचे पैसे खर्चून पाहावेत, की घरी बसून मूळ चित्रपटच पुन्हा लावावा. मी समीक्षक नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा थिएटरात जाणारा साधा प्रेक्षक आहे, आणि मारधाडीचे चित्रपट मला लहानपणापासून मनापासून आवडतात. माझे उत्तर असे की, पुढचे भाग निवडून जरूर पाहावेत. रीमेकच्या बाबतीत मात्र मूळ चित्रपट आधी पाहावा. दोन्हींकडे बघताना मी एकच गोष्ट तपासतो. पडद्यावरचा माणूस कशासाठी लढतो आहे हे मला आतून कळले आहे का? ते कळले असेल तर साधी झटापटसुद्धा श्वास रोखून पाहिली जाते, आणि नसेल तर कितीही गाड्या उडाल्या तरी हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जातो.

पुढच्या भागांपैकी मला सर्वांत जास्त समाधान २०२२ च्या ‘टॉप गन: मॅव्हरिक’ने दिले. मूळ चित्रपट १९८६ चा, टोनी स्कॉट यांचा. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले आणि नवा भाग जोसेफ कोसिन्स्की यांनी दिग्दर्शित केला. ३६ वर्षांनी आलेला पुढचा भाग म्हणजे जुन्या आठवणींचा बाजार असेल, अशी भीती मनात घेऊनच मी गेलो होतो. पण या चित्रपटाने एक काम फार नेटाने केले आहे. शेवटची मोहीम कशी असणार, विमाने दरीतून किती खालून न्यायची, डोंगर आला की सरळ वर कसे चढायचे, आणि हे सगळे अडीच मिनिटांत का संपवायचे, हे तो प्रेक्षकाला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने शिकवतो की मध्यंतरापर्यंत तो नकाशा आपल्यालाही पाठ होतो. तरुण वैमानिक पुन्हा पुन्हा कमी पडतात, वरिष्ठ अधिकारी वेळेची मर्यादा वाढवून चार मिनिटांची करतो, आणि मग त्यांना शिकवणारा नायक मॅव्हरिक परवानगी न घेता एकटाच विमान घेऊन जातो आणि तोच मार्ग दोन मिनिटे पंधरा सेकंदांत पार करून दाखवतो. त्या प्रसंगात एकही गोळी सुटत नाही, समोर शत्रू नाही, तरी माझ्या रांगेतला प्रत्येक जण खुर्चीत पुढे सरकून बसला होता. पुढे खरी मोहीम सुरू झाल्यावर कोणी काही समजावून सांगावे लागत नाही, कारण कुठे काय चुकू शकते हे आपल्याला आधीच ठाऊक असते. कलाकारांना खऱ्या लढाऊ विमानांच्या मागच्या आसनावर बसवून चित्रीकरण केल्यामुळे वळण घेताना त्यांच्या चेहऱ्याची कातडी जी ओढली जाते, तीही खोटी वाटत नाही.

त्याच चित्रपटातला, मॅव्हरिकच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा म्हणजे आइसमनचा प्रसंग मला त्या सगळ्या उड्डाणांइतकाच मोठा वाटतो. आइसमन साकारणाऱ्या व्हॅल किल्मर यांचा आवाज घशाच्या कर्करोगामुळे खरोखरच गेला होता, आणि तो आजार चित्रपटाने लपवला नाही. आइसमन संगणकावर टाइप करून बोलतो, मॅव्हरिक पडद्यावरची अक्षरे वाचतो, आणि शेवटी आइसमन उठून उभा राहतो आणि मोजकेच शब्द कष्टाने बोलतो. किल्मर २०२५ मध्ये गेले, तेव्हा मला त्यांचा हाच प्रसंग आठवला. पुढच्या भागाला वय लपवण्याऐवजी वयाचाच उपयोग करता आला, तर त्याला मूळ चित्रपटाकडे नसलेली एक गोष्ट मिळते, आणि ती म्हणजे मध्ये गेलेला काळ.

‘जॉन विक’च्या चौथ्या भागाबद्दल (२०२३) माझे मत थोडे मिश्र आहे. पावणेतीन तासांहून अधिक लांबी या कथेला पेलत नाही आणि मधला बराच भाग मला सारखासारखाच वाटला. पण पॅरिसमधल्या सॅक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्यांची मारामारी मी आजवर पाहिलेल्या उत्तम मारामाऱ्यांपैकी एक आहे. सूर्योदयापूर्वी वर पोहोचायचे, एवढेच उद्दिष्ट असते. थकलेला नायक जवळजवळ माथ्यापर्यंत जातो आणि तिथून एका लाथेने गडगडत थेट पायथ्याशी येतो. तो पडत राहतो, पडतच राहतो, आणि मग पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवतो. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे स्वतः पूर्वी स्टंट करणारे, नायक साकारणाऱ्या कियानू रीव्ह्ज यांच्याऐवजी उड्या मारणारे. म्हणूनच असेल, त्यांना शरीराच्या थकव्याची किंमत कळते. ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या २०२५ च्या भागातही शेवटची विमानांची झुंज थरारक आहे, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी जुन्या भागांची उजळणी फार वेळ ऐकावी लागते.

आता आपल्याकडच्या उदाहरणांकडे येतो, कारण ‘सिंघम’मध्ये रीमेक आणि सिक्वेल हे दोन्ही एकाच माळेत सापडतात. २०११ चा ‘सिंघम’ हा २०१० च्या ‘सिंगम’ या तमिळ चित्रपटाचा रीमेक होता, आणि प्रकाश राज दोन्हींत खलनायक होते. तरीही हिंदी चित्रपट उसना वाटला नाही, याचे कारण दिग्दर्शक रोहित शेट्टी यांनी तो उचलून गोव्याच्या सीमेवरच्या शिवगड नावाच्या काल्पनिक गावात नीट रुजवला. इन्स्पेक्टर नायकाचे बाजीराव हे नाव, हवालदाराच्या भूमिकेत अशोक सराफ, सोबत सचिन खेडेकर आणि सोनाली कुलकर्णी, आणि राग आला की नायकाच्या तोंडून आपसूक निघणारी मराठी! जामिनाच्या अटीप्रमाणे शिवगडच्या ठाण्यात सही करायला खलनायक जयकांत शिक्रे आपला माणूस पाठवतो, तेव्हा तुझ्या मालकानेच यायला हवे असे सिंघम बजावतो, आणि शेवटी शिक्रेला स्वतः यावे लागते. तिथे अख्खे गाव गोळा होते आणि त्याला माघार घ्यावी लागते. त्या प्रसंगात नायकाची ताकद त्याच्या दंडात नसून त्याच्या गावात आहे, हे एकाही भाषणाशिवाय समजते.

२०२४ च्या दिवाळीत आलेल्या ‘सिंघम अगेन’मध्ये मला नेमके हेच गाव सापडले नाही. रामायणाशी सांधा जुळवण्याची कल्पना वाईट नव्हती. पण एकामागून एक तारे येतात, प्रत्येकाचे संथ गतीतले आगमन होते, प्रत्येकाला टाळ्यांची जागा ठेवलेली असते, आणि त्या गर्दीत बाजीराव नावाचा शिवगडचा पोरगा कुठेतरी हरवून जातो. मी तो कुटुंबासह पाहिला, मुलांना मजा आली, आणि त्यांच्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. मला मात्र घरी येताना एकही मारामारी नीट आठवत नव्हती.

रीमेकच्या बाबतीत आणखी एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी तमिळ किंवा तेलुगू चित्रपट आपल्यापर्यंत सहज पोहोचत नसत, म्हणून रीमेक ही प्रेक्षकांची गरज होती. आता मूळ चित्रपट डब होऊन किंवा सबटायटल्ससह घरीच पाहता येतो. २०१९ चा ‘कैथी’ मी असाच घरी पाहिला. एक रात्र, एक ट्रक, त्यात विषबाधेने बेशुद्ध झालेले पोलीस, आणि ट्रक चालवणारा एक माणूस ज्याला दहा वर्षांच्या कैदेनंतर आपल्या मुलीला पहिल्यांदा भेटायचे आहे. गाणे नाही, नायिका नाही. हा माणूस बिर्याणी समोर येताच ज्या भुकेने हातांनी खातो, त्यातून तुरुंगातली सगळी वर्षे दिसतात. २०२३ च्या ‘भोला’ या हिंदी रीमेकने थ्रीडी आणले, पाठलाग मोठे केले, तब्बू यांना पोलीस अधिकारी केले, आणि त्यांचे काम चांगलेही आहे. पण सगळेच भव्य झाल्यावर त्या एका बापाची घाई मागे पडली.

याच कारणासाठी मला सर्वांत जास्त हळहळ ‘मुळशी पॅटर्न’च्या रीमेकबद्दल वाटते. प्रवीण तरडे यांचा हा मराठी चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि तीन वर्षांनी महेश मांजरेकर यांनी त्यावरून ‘अंतिम’ केला. पुण्याच्या आजूबाजूच्या जमिनी विकल्या गेल्या आणि त्या विकणाऱ्या घरांतली पोरे गुन्हेगारीकडे कशी वळली, याची ही गोष्ट. माझ्या आत्याच्या सासरची जमीन हिंजवडीच्या बाजूला होती. गुंठ्यागुंठ्याने ती गेली, दारात मोठी गाडी आली, चार-पाच वर्षांत गाडीही गेली, आणि त्या घरातला माझ्याच वयाचा मुलगा आज पूर्वीच्या आपल्या बांधाशेजारच्या इमारतीत रखवालदार आहे. त्यामुळे मोहन जोशी यांनी साकारलेला बाप पडद्यावर मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मला अभिनय दिसत नव्हता, आत्याचे घर दिसत होते. ओम भूतकर यांनी साकारलेला त्याचा मुलगा राहुल्या कोयता उचलतो, तो त्या खाली गेलेल्या मानेसाठी.

‘अंतिम’मध्ये गोष्ट तीच आहे, पुणेही आहे, सचिन खेडेकर यांनी बाप मनापासून केला आहे, आणि मूळ चित्रपटात पोलीस इन्स्पेक्टर झालेले उपेंद्र लिमये इथे नान्या भाई या गुंडाच्या भूमिकेत तितकेच जरब बसवतात. पण सलमान खान यांच्यासाठी पोलिसाची भूमिका वाढवली गेली, आणि पोलीस व राहुल्या यांची उघड्या अंगाने होणारी झुंज हा चित्रपटाचा मोठा क्षण ठरवला गेला. ती झुंज पाहताना मला जमिनीची आठवणही आली नाही. आपल्याकडे एकाच संध्याकाळचा वेळ असेल, तर ‘मुळशी पॅटर्न’ लावा. दोन संध्याकाळी मिळाल्या, तर दुसऱ्या दिवशी ‘अंतिम’ पाहा आणि दोन्हींतला बाप शेजारी शेजारी ठेवून बघा.