'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' पहिल्यांदा बघताना

हा सिनेमा सुरुवातीलाच बंद करू नकोस. तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात, एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतं, दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसते. बराच वेळ एवढंच. बरेच जण इथेच कंटाळतात. मीही पहिल्यांदा झोपलो होतो! आवाज मोठा ठेव, पवनचक्कीची करकर ऐक. मोबाईलवर तर बघूच नकोस, चेहऱ्यांचे क्लोजअप वाया जातात.

हेन्री फोंडा तोवर सज्जन माणसांच्या भूमिकांसाठी ओळखला जायचा. १९६८ च्या या सिनेमात तो लहान मुलावर गोळी झाडतो. तेव्हाचा प्रेक्षक का हादरला, हे कळायला आधी त्याचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' बघ. आणि त्या मुलाच्या कुटुंबाची हत्या बघताना 'शोले'तल्या ठाकूरचं अंगण आठवेलच.