'सॅम बहादूर' ही पदवी नव्हे

1971 च्या युद्धावरच्या लेखात 'जनरल सॅम बहादूर माणेकशॉ' असं लिहावं का, आणि 'बहादूर' हा रावबहादूरसारखा इंग्रजांनी दिलेला किताब आहे का, असं तुम्ही विचारलंय.

किताब नाही. रावबहादूर, खानबहादूर ही इंग्रज सरकारची खैरात. तिचा इथे काही संबंध नाही. हा 'बहादूर' गोरख्यांचा. नेपाळी पुरुषांच्या नावात तो सर्रास असतो, आपल्याकडे नावापुढे 'राव' लागतो तसा. त्यामुळे 'शूर सॅम' हा अर्थ चुकीचा नसला तरी तोकडा आहे. जवानांनी साहेबाला आपल्यातलंच एक नाव दिलं, खरी गंमत त्यात आहे. शौर्याचा दाखला माणेकशॉंना लागतच नव्हता. 1942 मध्ये ब्रह्मदेशात सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या खाऊन त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला होता.

आणि मूळचे ते गोरखा पलटणीचे नव्हतेच! त्यांची फ्रंटियर फोर्स रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली, म्हणून त्यांचं नाव गोरखा रायफल्सकडे लागलं. पुढे ते 8 गोरखा रायफल्सचे कर्नल झाले. हे पद मानाचं, रेजिमेंटच्या पालकासारखं. 1969 मध्ये लष्करप्रमुख झाल्यावर त्यांनी एका गोरखा जवानाला नेपाळीत विचारलं, माझं नाव काय? त्याने क्षणभर विचार करून 'साम बहादुर' असं ठोकून दिलं, हा किस्सा फौजेत आवडीने सांगतात.

'सॅम' हेही सॅम्युएलचं लघुरूप नाही बरं का. ते अस्सल पारशी नाव आहे. 'शाहनामा' या फारसी महाकाव्यातल्या रुस्तुम या वीराच्या आजोबांचं नाव साम. माणेकशॉंचं पूर्ण नाव सॅम होरमसजी फ्रामजी जमशेदजी माणेकशॉ.

आता लिहायचं कसं? 'सॅम बहादूर' हे टोपणनाव स्वतःच पुरं आहे. त्याला पुढे हुद्दा आणि मागे आडनाव जोडलं की तीन नावांची खिचडी होते. औपचारिक वाक्यात 'जनरल माणेकशॉ' लिहा. जवानांचं प्रेम, त्यांचा मिश्कीलपणा असा विषय आला की खुशाल 'सॅम बहादूर' म्हणा. तुमच्या लेखात एक मात्र सांभाळा. काही परिच्छेदांत तुम्ही 1971 मध्येच त्यांना फील्ड मार्शल केलंय. तो हुद्दा त्यांना जानेवारी 1973 मध्ये मिळाला. युद्धाच्या वेळी ते जनरल होते.