गोकूची ताकद देवांच्या पंगतीत जाऊन बसली, मग त्याला देव म्हणायचं का?

तुमचा प्रश्न जपानी ॲनिमेबद्दलचा आहे: ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू विनाशदेव बीरुसशी टक्कर देतो, ‘वन पंच मॅन’मधला सैतामा एका ठोशात समोरच्याला संपवतो, मग अशा पात्रांना देव मानायला हरकत काय? माझं उत्तर आधीच देतो. गोकू देव नाही, सैतामाही नाही. ‘माडोका मागिका’मधली माडोका मात्र आहे. आणि ताकदीच्या मोजमापाने हा निकाल लागत नाही.

पहिली गडबड सबटायटलमध्ये होते. मूळ जपानी शब्द असतो ‘कामी’, आणि इंग्रजीत त्याचा ‘गॉड’ झाला की आपल्या डोळ्यांसमोर सर्वशक्तिमान परमेश्वर उभा राहतो. खरं तर मराठी माणसाला कामी समजायला सोपा आहे, कारण आपल्याकडे देव आणि परमेश्वर हे शब्द वेगळे आहेत. बांधावरचा शेंदूर लावलेला म्हसोबा देव असतो, पण विश्व त्याने निर्माण केलं असं कोणी म्हणत नाही. जपानमध्ये कामींची संख्या ‘याओयोरोझु’, म्हणजे शब्दशः ऐंशी लाख, सांगितली जाते, अर्थ अगणित. मोतोओरी नोरिनागा (1730–1801) या अभ्यासकाने ‘कोजिकी’ या प्राचीन जपानी ग्रंथावरच्या भाष्यात कामीची व्याख्या केली, ती आजही आधाराला घेतात: जे सामान्याहून वेगळं, विलक्षण आणि दरारा वाटायला लावणारं, ते कामी. त्यात माणसं, पशू, झाडं, समुद्र, डोंगर सगळे येतात, आणि चांगल्यांबरोबर वाईटही येतात.

माणूस कामी होतो याचा इतिहासातला दाखला सुगावारा नो मिचिझानेचा. दरबारी विद्वान, राजकारणात हरला, राजधानीपासून दूर दाझाइफूला पाठवला गेला आणि 903 मध्ये तिथेच वारला. 930 मध्ये राजवाड्यावर वीज पडली, तेव्हा हा त्याच्याच आत्म्याचा कोप असं लोकांनी मानलं. 947 मध्ये क्योतोत कितानोचं मंदिर उभं राहिलं आणि तो तेनजिन नावाचा कामी झाला. आज परीक्षेआधी विद्यार्थी तिथे जातात. लोकांनी त्याला स्थान दिलं, पूजा सुरू केली आणि तो देव झाला. लढून कोणाला हरवणं यात कुठेच नाही.

आता गोकू. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये देवपण हे सरळ सरळ पद आहे. पृथ्वीचा कामी हा नामेक ग्रहाचा माणूस. ते पद मिळावं म्हणून त्याने स्वतःमधला दुष्टपणा बाहेर काढला, आणि त्यातून पिक्कोलो दाइमाओ हा दैत्यराजा जन्मला. 23व्या तेनकाइची बुदोकाई या कुस्ती-युद्धकलेच्या स्पर्धेनंतर हा कामी गोकूला आपलं पद देऊ करतो. तेव्हा गोकू त्याच्याहून ताकदवान होताच. तरी तो नाही म्हणतो आणि ढगावर बसून निघून जातो. ताकद आली की देवपण आपोआप येत असतं, तर द्यायला आणि नाकारायला काय उरलं असतं?

याहून पक्का पुरावा पुढे येतो, आणि वाद घालणारे नेमका तोच विसरतात. अँड्रॉइडांशी लढण्यासाठी कामी त्या दाइमाओच्या मुलात, धाकट्या पिक्कोलोमध्ये, विलीन होतो. कामीची सगळी शक्ती आता पिक्कोलोत आहे, पण पृथ्वीला कामी उरला नाही, आणि इच्छा पुरवणारे ड्रॅगन बॉल निकामी झाले. गोकूला नव्या नामेकवर जाऊन देंदेला आणावं लागलं. देंदे लहान मुलगा. लढाईत कच्चा, जखमा बऱ्या करण्यात तरबेज. तो गादीवर बसल्यावर ड्रॅगन बॉल पुन्हा चालू झाले. उलट बाजूही बघा: अकराव्या विश्वातला जिरेन आपल्या विश्वाच्या विनाशदेवाला भारी पडेल इतका बलवान, तरी तो मर्त्यच.

मग ‘सुपर सैयन गॉड’चं काय? 2013च्या चित्रपटात पाच सरळ मनाचे सैयन (गोकूच्या लढवय्या जमातीतले) हात धरून सहाव्यात आपली शक्ती ओततात. सहा हा आकडा गोकूची सून व्हिदेल हिच्या पोटातली नात, पान, धरल्यावरच भरतो. गोकूला त्यातून दैवी ‘की’, म्हणजे अंगातली ऊर्जा, मिळते, जी साध्या माणसाला जाणवतसुद्धा नाही. पण त्या रूपाची मुदत लढाईतच संपते, आणि गोकू बीरुसकडून हरतो. मी याला देवाची शक्ती अंगी येणं म्हणेन, देव होणं म्हणणार नाही.

नावं तपासताना कानावर भरवसा ठेवू नका. कामीचं चित्राक्षर ‘गामी’, ‘शिन’ किंवा ‘जिन’ असंही वाचलं जातं: शिनिगामी (मृत्युदेव), हाकाइशिन (विनाशदेव), काइओशिन (बीरुससारख्या विनाशदेवाचा जोडीदार देव), तेनजिन. इंग्रजीत काइओशिनचं ‘सुप्रीम काई’ झालं आणि त्यातला देव गळून गेला. पृथ्वीचा ‘कामी’ तर विशेषनामच बनला. उलट ‘ड्रॅगन बॉल’मधल्या माजिन बू या खलनायकाच्या नावातलं ‘जिन’ ऐकून देव वाटतो, पण ते अक्षर माणसाचं आहे, सैयाजिनमधलंच (सैयनचं जपानी नाव). शिवाय कामी कौतुकानेही म्हणतात. ‘नारुतो’मधल्या हाशिरामाला ‘शिनोबींचा (निंजांचा) कामी’ म्हणणं हे आपण सचिनला क्रिकेटचा देव म्हणण्यासारखं.

सैतामाचं फार लांबवत नाही. रोज 100 जोर, 100 सिट-अप, 100 बैठका आणि 10 किलोमीटर धावणं. त्याला ना पद, ना पूजा. त्याच मांगात (जपानी चित्रकथेत) देव म्हणवणारी वेगळी शक्ती आहे, जी माणसांना सामर्थ्य देते आणि काढूनही घेते.

माडोका वेगळी. ती शाळकरी मुलगी मागते की प्रत्येक चेटकीण जन्मण्याआधीच, भूतकाळातली आणि भविष्यातली, आपल्या हातून नाहीशी व्हावी. त्या क्षणी ती व्यक्ती राहत नाही, जगाचा नियम होते. घरच्यांच्या आठवणीतूनही पुसली जाते. आठवण राहते तिची मैत्रीण होमुराला. इतकं असून माडोकाच्या 2013च्या चित्रपटात होमुरा त्या नियमातून तिचा मानवी अंश ओढून काढते. म्हणजे ती देव आहे, पण सर्वशक्तिमान नाही.

श्रद्धेची कसोटी बघायची तर ‘नात्सुमे युजिनचो’मधला त्सुयुकामी बघा. मुळात तो बेघर भटका योकाई, म्हणजे जपानी लोककथेतलं भूतखेत. गावाने छोट्या देवळात त्याला पुजलं, तो देव झाला. भक्त कमी होत गेले तसा तो आक्रसत तळहातावर मावेल एवढा झाला, आणि शेवटची म्हातारी भक्त गेली तेव्हा तोही गेला. ताकदीच्या यादीत त्याला कोणी धरणार नाही. पण मला विचाराल तर ॲनिमेतला सगळ्यात खरा देव तोच.

एक पात्र असं आहे की तिथे मी हो किंवा नाही म्हणत नाही: हारुही सुझुमिया. तिच्याच शाळेतले तिघे तिच्याकडे तीन नजरांनी बघतात: कोइझुमीची संघटना तिला देव मानते, नागातोच्या लेखी ती माहितीच्या उत्क्रांतीची शक्यता आहे, आसाहिनाच्या लेखी काळातल्या भेगेचं केंद्र. आणि हारुहीला यातलं काहीच ठाऊक नाही.